डाळिंबाचे खोड पोखरणारा भुंगेरा व त्यामागून येणारी मर

कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून ज्या भागास कसमादे असे सुटसुटीत नाव पडले आहे, त्या भागातील शाळांत डाळिंब हे केवळ चित्रातील फळ नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत, मोजक्या पाण्यावर येणारे आणि चांगला भाव आल्यास कर्ज फेडून घराचे छप्परही बदलून देणारे हे पीक होय. वर्गातील कित्येक मुलांना बेरजा-वजाबाक्यांपूर्वी बहर, ताण व पानगळ हे शब्द परिचयाचे होतात. नाशिक जिल्ह्यातील डाळिंब उत्पादकांनी पूर्वी तेल्या रोगाचा तडाखा सोसला. त्यात पुष्कळांनी बागा मुळासकट काढून टाकल्या. ज्यांनी पुन्हा धीर धरून लागवड केली, त्यांच्यापुढे निराळेच संकट आहे. फळ निरोगी दिसते, पाने हिरवी असतात, आणि एके दिवशी झाडाची एकच फांदी पिवळी पडून माना टाकते. काही आठवड्यांत सारे झाड वाळते, आणि पुढे शेजारचे. शेतकरी यास 'मर' म्हणतात. वाळलेल्या झाडाच्या बुंध्याशी नीट पाहिले, तर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके आणि त्यांतून बाहेर पडलेला पिठासारखा भुसा पुष्कळदा आढळतो.

ही भोके पाडणारा कीटक कोण, तो झाड मारतो की मेलेल्या झाडावर येतो, आणि त्याच्या मागून येणारी मर कशी पसरते, हे समजून घेणे खेड्यातील शिक्षकास अगत्याचे आहे. गावात शास्त्रीय माहितीची चार वाक्ये विश्वासाने ऐकली जातील, अशी जी थोडी ठिकाणे आहेत त्यांत शाळा हे एक आहे. आणि या रोगाचा प्रसार होण्यास माणसाचा अजाण हात जितका कारण होतो, तितका कदाचित खुद्द भुंगेराही होत नसेल.

या कीटकास कृषितज्ज्ञ 'शॉट होल बोरर' किंवा 'पिन होल बोरर' म्हणतात. छर्ऱ्यांनी चाळण केल्यासारखे खोड दिसते, म्हणून पहिले नाव. भोक टाचणीच्या टोकाएवढे, म्हणून दुसरे. शेतकऱ्यांच्या तोंडी 'खोड भुंगेरा' व 'पिन होल' ही नावे रुळली आहेत. शास्त्रज्ञांनी डाळिंबाच्या खोडात जे भुंगेरे शोधले, त्यांत झायलेबोरस परफोरन्स ही जात वारंवार नोंदविलेली आहे. युवॅलेशिया या जवळच्या कुळीचेही भुंगेरे सापडतात. मादी लांबीने दोन ते अडीच मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्यापेक्षाही किंचित लहान, रंगाने तांबूस तपकिरी, आणि आकाराने पेन्सिलीच्या तुकड्यासारखी गोल. भोकाचा व्यास सुमारे एक मिलिमीटर. यांच्या कित्येक जाती एकमेकींशी इतक्या सारख्या आहेत की भिंगाखाली ठेवूनही तज्ज्ञांची फसगत होते. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेला भुंगेरा एकच जात समजला जात असे. अलीकडे त्याच्या अनुवंशाची तपासणी झाली तेव्हा एकाच नावाखाली अनेक जाती निघाल्या. तेव्हा शाळेत जातीचे नाव ठरविण्याच्या भरीस पडू नये. 'खोडाला बारीक भोके पाडणारा भुंगेरा' एवढे म्हटले तरी पुरे.

झाडाच्या सालीशी व लाकडाशी संबंध असलेल्या या भुंगेऱ्यांचे दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखले की पुढचे सर्व सोपे होते. पहिला प्रकार सालीखाली राहतो. साल व लाकूड यांच्या मधला जो रसदार थर, तोच त्याचे अन्न. मादी सालीखाली बोगदा खणून त्याच्या कडेने अंडी घालते आणि अळ्या दोहो बाजूंस आपापले बारीक बोगदे खणीत जातात. साल सोलली तर लाकडावर कोरीव नक्षी काढल्यासारखी दिसते. दुसरा प्रकार सालीत न थांबता सरळ लाकडात शिरतो. डाळिंबावरचा भुंगेरा या दुसऱ्या प्रकारातला. आश्चर्याची गोष्ट अशी की हा भुंगेरा लाकूड पोखरतो, पण लाकूड खात नाही. बाहेर पडणारा पांढरट भुसा म्हणजे त्याने उकरून फेकलेली माती समजावी. त्याचे अन्न निराळेच आहे, आणि ते तो स्वतः पिकवितो.

हे अन्न म्हणजे एक बुरशी. मादी आपले जन्मघर सोडताना या बुरशीचे बी शरीरातील एका विशिष्ट पिशवीत साठवून नेते. जणू माहेरचे बियाणे ओटीत बांधून घेतलेली लेकच. नव्या झाडात बोगदा खणला की त्याच्या भिंतींवर ती हे बी पेरते. ओल मिळताच भिंतींवर बुरशीचा लुसलुशीत थर उगवतो, आणि आई व अळ्या तोच खाऊन राहतात. बोगदा स्वच्छ ठेवणे, भुसा बाहेर ढकलणे, ही कामेही चालू असतात. ऑस्ट्रियातील श्मिडबर्गर या निरीक्षकास हा थर १८३६ साली दिसला. त्याने त्यास देवांच्या अन्नाचे ग्रीक नाव दिले, 'अँब्रोसिया', म्हणजे आपल्याकडील अमृतच. तो थर वस्तुतः बुरशी आहे हे हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये ओळखले. माणसाने पहिले धान्य पेरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे हे इवले जीव शेती करीत आले आहेत, ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती विसरणार नाहीत.

अंड्यापासून अळी, अळीपासून कोष व कोषापासून भुंगेरा असे चार टप्पे, हवामानाप्रमाणे साधारण महिना ते दीड महिन्यात पुरे होतात. एका घरट्यात माद्या पुष्कळ व नर अगदी थोडे. नरास उडता येत नाही. तो बहुधा जन्मघरातच संपतो. माद्यांचे मीलन बाहेर पडण्यापूर्वी तेथेच झालेले असते. याचा व्यवहारातील अर्थ फार मोठा आहे. नवी वसाहत करण्यास नर-मादीची जोडी लागत नाही. बियाण्याची पिशवी भरलेली एकच मादी पुरते. लाकडाच्या एका ओंडक्यातून एक मादी दूरच्या गावी पोचली, तरी तेथे वंश वाढू शकतो.

आता मुख्य प्रश्न. अशी बुरशी खाणारा भुंगेरा झाडास घातक का व्हावा? एक मिलिमीटरच्या पाच-पंचवीस भोकांनी डाळिंबासारखे झाड एकाएकी मरत नाही. झाड मरते ते पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडल्याने. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातील अतिसूक्ष्म नळ्यांतून पानांपर्यंत चढते. या नळ्यांत रोगकारक बुरशी शिरली म्हणजे ती वाढून त्या कोंडते. झाडही बचावासाठी नळ्यांत डिंकासारखा पदार्थ सोडते आणि त्यानेही वाट अडते. मग मुळाशी ओल असूनही पाने तहानेने कोमेजतात. ठिबकच्या नळीत कचरा अडकल्यावर पुढच्या झाडांचे जे होते, तेच येथे झाडाच्या पोटात होते. ठिबक संचावर वाढलेल्या मुलांना यापेक्षा चांगला दृष्टांत शोधूनही मिळणार नाही.

डाळिंबावरील मरीच्या मागे असलेल्या मुख्य बुरशीचे नाव सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रियाटा असे आहे. भारतात ही मर प्रथम लक्षात आली ती कर्नाटकातील विजापूर, म्हणजे आजच्या विजयपुरा जिल्ह्यात, १९९० साली. १९९३ पर्यंत ती त्या जिल्ह्यात सर्वदूर पसरली, तरी कारण सापडेना. अखेर १९९६ मध्ये वाळलेल्या झाडांच्या मुळांच्या, खोडांच्या व फांद्यांच्या काळवंडलेल्या भागांतून ही बुरशी वेगळी करण्यात आली. मधल्या सहा वर्षांत बागाईतदारांनी काय काय उपाय केले असतील आणि त्यावर किती पैसा घातला असेल, याची कल्पनाच करावी. पुढे महाराष्ट्रातील डाळिंब पट्ट्यांतही ही मर आढळली. सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने तेल्याबरोबर मर व खोड भुंगेरा यांवरही काम केले आहे. २०२१ च्या सुमारास अतिवृष्टीच्या पाठोपाठ सांगोला, आटपाडी या प्रसिद्ध डाळिंबाच्या टापूंत 'पिन होल'ने बागांचे फार मोठे नुकसान झाले, ही बातमी नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनीही काळजीने वाचली.

मर एकाच कारणाने येते असे मात्र समजू नये. फ्युजेरियम नावाची मातीतील बुरशी, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि पाणी तुंबून कुजलेली मुळे यांनीही झाड मान टाकते. ओळखण्याची एक खूण आहे. डाळिंबास बुंध्यापासून तीन-चार खोडे राखण्याची पद्धत असल्याने बहुधा त्यांतले एक खोड आधी वाळते. ते आडवे कापून पाहावे. सेरॅटोसिस्टिसची मर असल्यास लाकडाचा पांढरट-पिवळा रंग जागोजागी काळपट तपकिरी झालेला असतो, आणि पुष्कळदा हा डाग मध्यापासून बाहेर चांदणीसारखा फाकलेला दिसतो. मुळे उकरून गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा संशय घ्यावा. निश्चित निदान प्रयोगशाळेतच होते.

भुंगेरा व मर यांचा परस्परसंबंध दुहेरी आहे, आणि येथेच गावोगाव वाद होतो. कोणी म्हणतो, भुंगेऱ्याने झाड मारले. कोणी म्हणतो, झाड आधीच मेले होते, भुंगेरा मागून आला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हा भुंगेरा मूळचा धडधाकट झाडाच्या वाटेस सहसा जात नाही. दुबळे, आजारी, नुकतेच तोडलेले झाड तो शोधतो, आणि ते शोधण्याची त्याची रीत मोठी नवलाची आहे. मुळांशी पाणी तुंबले, हवा मिळेनाशी झाली, किंवा अन्य काही कारणाने झाड घायकुतीस आले, म्हणजे त्याच्या पेशींत थोडा मद्यार्क तयार होतो आणि तो सालीतून हवेत उडतो. भुंगेरा त्या वासावर येतो. म्हणून मर लागलेल्या झाडावर तो जमतो. परंतु अशा झाडात खणताना तो रोगट लाकडाचाच भुसा बाहेर फेकतो. त्या भुश्यात रोगकारक बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू असू शकतात, आणि ते वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्यांनी, पाटाच्या पाण्याने शेजारी जातात. काही भुंगेऱ्याच्या अंगासही चिकटतात. शिवाय प्रत्येक भोक ही झाडाची उघडी जखम असते. म्हणजे आधी पाहुणा म्हणून आलेला भुंगेरा पुढे रोगाचा हरकारा होतो. एकदा संख्या बेसुमार वाढली की तो किंचित अशक्त, वरून चांगल्या दिसणाऱ्या झाडांवरही तुटून पडतो.

मद्यार्काच्या या ओढीविषयी जुनी हकीकत आहे. इंग्रजी अमलात येथील गोऱ्या सैन्यासाठी विलायतेहून बिअर लाकडी पिंपांतून येत असे. ही पिंपे येथे आल्यावर एका भुंगेऱ्याने भोके पाडून गळकी होऊ लागली. नुकसान एवढे वाढले की ब्लँडफर्ड नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८९३ साली लंडन येथे त्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. तो भुंगेरा म्हणजे हाच झायलेबोरस परफोरन्स. पिंपाचे ओले, मद्याने भिजलेले लाकूड त्यास मरणाऱ्या झाडासारखे वाटले असावे. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी या ओढीचा उलटा उपयोग केला. त्यांनी सामान्य नागरिकांकडून बाटलीच्या सापळ्यात हात धुण्याचे मद्यार्कयुक्त सॅनिटायझर ठेववून परसातील भुंगेरे गोळा करविले.

परदेशांतील दोन प्रकरणे येथे उपयोगी पडतील. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंड, बेल्जियम व फ्रान्स येथील एल्म वृक्ष झपाट्याने वाळू लागले. लोकांनी अवर्षणास दोष दिला. युद्धातील विषारी वायूमुळे झाडे मेली असेही म्हटले गेले. हॉलंडमधील बी श्वार्ट्‌झ या तरुण स्त्री-संशोधकाने वाळलेल्या फांद्यांतून बुरशी वेगळी करून १९२२ च्या सुमारास खरे कारण सांगितले. तिचे म्हणणे लगेच सर्वांना पटले नाही. क्रिस्टिन बुइसमन या दुसऱ्या डच संशोधिकेने १९२७ मध्ये ते पुन्हा सिद्ध केल्यावर शंका मिटली. ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा सालीखालचा भुंगेरा नंतर ओळखला गेला. अमेरिकेत हा रोग १९३० साली आढळला. तो गेला युरोपातून नेलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून. पुढे अधिक उग्र बुरशी १९६० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये शिरली, आणि तेथील अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष नाहीसे झाले. एकाच व्याधीने समुद्र दोनदा ओलांडला, आणि दोन्ही वेळा सालीसकट असलेल्या लाकडावर बसून.

दुसरे प्रकरण आपल्या आशिया खंडाशी संबंधित आहे. झायलेबोरस ग्लाब्रेटस नावाचा एक अगदी लहान भुंगेरा भारतापासून जपानपर्यंत आपल्या मूळ प्रदेशात मेल्या-मरत्या झाडांवर निमूटपणे राहतो. त्याची कोणी फारशी दखलही घेतली नव्हती. २००२ मध्ये तो अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सॅव्हाना बंदराजवळ सापळ्यात सापडला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो तेथे पोचला असावा असे मानतात. त्याच्या पिशवीतील बुरशी तेथील रेडबे या झाडांना अपरिचित होती. झाडांचा घात बुरशीने केला तितकाच त्यांच्या स्वतःच्या घाबऱ्या प्रतिकारानेही केला. कोट्यवधी झाडे मेली, आणि पुढे फ्लोरिडातील अवाकाडोच्या बागांना झळ लागली. आशियातील आणखी एक खोड भुंगेरा २००३ मध्ये कॅलिफोर्नियात, २००९ मध्ये इस्राएलात, २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे आढळला. पर्थमध्ये रस्त्यांवरील व उद्यानांतील हजारो झाडे त्यापायी तोडावी लागली.

नाशिकच्या प्रकरणात आक्रमक कोण, हा प्रश्न तितका सरळ नाही. झायलेबोरस परफोरन्स येथे नवखा नाही. पिंपांची हकीकतच त्याची साक्ष देते. उलट डाळिंब हे झाडच इराणच्या बाजूने फार प्राचीन काळी इकडे आलेले. नवे आहे ते हे की मैलोगणती एकाच जातीची, गुटी कलमांनी वाढविलेली, म्हणून एकमेकांची हुबेहूब प्रत असलेली झाडे शेजारी शेजारी उभी आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'भगवा' वाणाने शेतकऱ्यास भाव मिळवून दिला यात शंका नाही. पण जेथे एका झाडाची दुबळी बाजू तीच साऱ्या बागेची दुबळी बाजू असते, तेथे रोगास फार शोधावे लागत नाही. रोगट बागेतील मातृवृक्षावर बांधलेली गुटी मर घेऊनच नव्या शेतात जाते. ताण देण्याच्या पद्धतीचाही विचार करावयास हवा. बहर धरण्यासाठी झाडास पाणी तोडून मुद्दाम क्षीण करावे लागते; ज्या झाडाची मुळे आधीच पावसाळ्यात कुजली आहेत त्यास कडक ताण देणे म्हणजे भुंगेऱ्यास बोलावणे धाडणे होय.

सर्वांत घातक सवय मात्र बागेच्या बांधावर आढळते. मेलेले झाड शेतकरी उपटतो, खोड बांधावर रचून ठेवतो, आणि 'वाळले की सरपण होईल' म्हणून विसरतो. वाळकी झालेली लाकडे भुंगेऱ्यास नकोच असतात, कारण त्याच्या बुरशीला ओल लागते. पण नुकत्याच तोडलेल्या खोडात आत असलेली पिढी वाढत राहते आणि महिना-दोन महिने भुंगेरे निघत राहतात. म्हणजे उपटलेले झाड बागेतून गेले, पण रोगाचे कोठार बांधावर राहिले. हेच ओले सरपण बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून दुसऱ्या वस्तीवर गेले तर भुंगेराही तेथे पोचतो. जेथे शालेय पोषण आहार अद्याप चुलीवर शिजतो, तेथे शाळेच्या मागील बाजूस डाळिंबाची खोडे रचली आहेत का, हे शिक्षकांनी स्वतः पाहावे. असल्यास ती प्रथम जाळावीत. पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवू नयेत. रोगट झाड मुळांसकट काढून शेताजवळच, त्याच दिवशी जाळणे आणि मधल्या काळात त्याची वाहतूक न करणे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. तो केला जात नाही, कारण त्यात सरपण वाया जाते असे वाटते.

छाटणीच्या कात्रीविषयीही तेवढेच. मर लागलेले झाड छाटून तीच कात्री पुढच्या झाडास लावणे, म्हणजे रोगाची लस टोचण्यासारखे आहे. प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवावी, हे छाटणीच्या टोळीला मालकाने सांगावे लागते. टोळीत काम करणाऱ्यांची मुले शाळेत असतात. एखाद्या पालकसभेत हे सांगितले तर ते दोन्ही घरी पोचते. खोडास गेरू व औषधे यांचा लेप देणे, मुळांशी औषधाची आळवणी करणे, हे उपाय संशोधन केंद्राने सुचविले आहेत. औषधांची नावे व मात्रा बदलत असतात. त्या शिक्षकांनी सांगू नयेत. त्यासाठी गावच्या कृषी सहाय्यकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे बोट दाखवावे. ज्या झाडाची सर्व पाने वाळली त्यास कोणतेही औषध वाचवीत नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगावे. या टप्प्यावर विक्रेत्याच्या सांगण्यावरून पुष्कळ पैसा फुकट जातो.

वर्गात हा विषय घ्यावयाचा तर परिसर अभ्यासाच्या व विज्ञानाच्या तासांस तो सहज जोडता येतो. पालकांच्या संमतीने एखादी बाग पाहावी. डाळिंब साधारण साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतरावर लावतात. त्या हिशेबाने हेक्टरी ७४० झाडे बसतात, हे गणित सहावी-सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावे. मग चौकटीच्या कागदावर बागेचा नकाशा काढून प्रत्येक झाडास एक चौकोन द्यावा, आणि वाळलेल्या झाडाच्या चौकोनात ते वाळल्याचा महिना लिहावा. शेतकऱ्यास महिने आठवतात. काही वेळाने कागदावर चित्र उमटू लागते. मृत झाडे एकाच ओळीत सरकत गेली असल्यास पाणी, मशागतीचे अवजार वा एकमेकांस भिडलेली मुळे यांचा संशय येतो. बांधावरच्या ढिगाऱ्याजवळ गोळा झाली असल्यास तो ढिगारा आठवावा. सखल कोपऱ्यात असल्यास पावसाळ्यात तेथे पाणी किती दिवस उभे होते ते विचारावे. नकाशा पुरावा नव्हे, पण प्रश्न कोठे विचारावा हे तो दाखवितो. अशा नकाशाची प्रत बागमालकास अवश्य द्यावी. स्वतःच्याच बागेचे हे रूप त्याने बहुधा पाहिलेले नसते.

खोडावरील इतर कीटकांशी गल्लत होऊ नये म्हणून मुलांना फरक दाखवावा. साल खाणारी अळी खोडावर विष्ठा व लाकडाचा चुरा यांची रेशमी धाग्यांनी गुंफलेली जाळी करते. द्राक्षवेलीच्या खोडात शिरणारा खोडकिडा हा लांब मिशांच्या भुंगेऱ्याची जाड अळी होय. त्याचे भोक मोठे आणि भुसा जाडा, सुताराच्या किसासारखा. डाळिंबावरील या भुंगेऱ्याचा भुसा मात्र चाळलेल्या पिठासारखा असतो, आणि कधी कधी तो भोकातून बारीक शेवेसारखा लोंबतो. हात लावताच मोडतो. वाळलेल्या खोडाचा वीतभर तुकडा घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत घालून वर्गात ठेवल्यास काही दिवसांत काचेवर तांबूस कण चालताना दिसतील. पाहणी झाल्यावर बरणी उघडी टाकू नये. तुकडा जाळावा आणि भुंगेरे साबणाच्या पाण्यात बुडवावेत. खोडास नुकताच लेप दिलेल्या किंवा फवारणी झालेल्या बागेत मुलांना नेऊ नये, खोडास हात लावू देऊ नये, आणि परतल्यावर सर्वांचे हात साबणाने धुववून घ्यावेत. मद्यार्काचा सापळा करावयाचा झाल्यास सॅनिटायझर शिक्षकांनी स्वतः ओतावे.

निफाड व दिंडोरीकडील शाळांत डाळिंब थोडे आणि द्राक्ष फार, म्हणून तेथे हा पाठ निराळ्या वस्तूपासून सुरू करता येईल. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्या ज्या लाकडी पाटांवर रचतात, त्या पाटांच्या कडेस गव्हाच्या ओंबीचे चित्र व काही अक्षरे असलेला शिक्का असतो. एल्मसारख्या प्रकरणांनंतर राष्ट्रांनी नियम केला की मालाच्या वेष्टनाचे लाकूड, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग तीस मिनिटे पोचवून किंवा धुरी देऊन कीटकमुक्त केल्यावाचून सीमेपलीकडे जाऊ नये. हा नियम २००२ साली मान्य झाला. तो पाळल्याची खूण म्हणजे हा शिक्का, आणि उष्णता दिल्याची अक्षरे त्यात 'एच-टी' अशी असतात. पेट्या भरण्याच्या शेडमध्ये मोडका पाट पडलेला असतोच. तो मागून आणून शिक्का मुलांच्या हाती द्यावा, आणि तो कशासाठी हे आधी त्यांनाच विचारावे.